मालकांची भाषा, गुलामांचा गळा

केपटाउनमधील मलय गायकवृंदांच्या स्पर्धांत ‘नेदरलँड्सलीड’, म्हणजे डच गीत, नावाचा प्रकार गायला जातो. शब्द आफ्रिकान्सकडे झुकलेल्या जुन्या डच भाषेतील. गाणारे बहुतांशी मुसलमान, आणि त्यांपैकी कित्येकांचे पूर्वज डचांनी विकत घेतलेले गुलाम.

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने ये-जा करणाऱ्या जहाजांना अन्नपाणी पुरवण्यासाठी येथे ठाणे वसवले. तेव्हापासून १८०८ पर्यंत सुमारे ६३,००० माणसे गुलाम म्हणून आणली गेली (शेवटी केप इंग्रजांच्या हाती होते, व्यापार थांबला नव्हता). कोणी आफ्रिकेतील, कोणी मादागास्करचे, कोणी इंडोनेशियाच्या बेटांवरचे. जवळपास चौथा हिस्सा हिंदुस्थानचा होता: बंगाल, कोरोमंडल, मलबार. ‘मलय’ हे नाव म्हणूनच फसवे आहे.

नावे मालकांनी दिली. ठाण्याचा प्रमुख यान फान रिबेक याच्या घरी राबणारी आंजेला दप्तरात ‘फान बेंगालेन’ झाली, म्हणजे बंगालची. अनेकांना महिन्यांची नावे मिळाली; सप्टेंबर, फेब्रुवारी ही केपमधील आडनावे आजही आहेत. कंपनीने १६७९ मध्ये बांधलेल्या गुलामखान्याशेजारी २००८ साली विल्मा क्रूझ आणि गॅविन यंग या कलावंतांनी ग्रॅनाइटचे ११ ठोकळे उभारले. स्मारक प्रामाणिक आहे. तरी त्यावर कोरलेली नावे दप्तरातलीच.

गाण्यात मालकाची भाषा तशीच राहिली, गळा मात्र बदलला. वृंद युरोपीय पद्धतीने सरळ स्वर धरतो; मुख्य गायक एकेक अक्षर लांबवत त्यावर मुरक्या घेतो. या मुरक्यांना ‘कारिंकेल’ म्हणतात. मराठी कानाला त्या ओळखीच्या वाटतील, पण म्हणून लगेच भारतीय मूळ शोधण्याचा मोह टाळावा. त्यांत कुराणपठणाची आणि पूर्वेकडील बेटांच्या गायकीची छाया अधिक दिसते. ही गायकी कागदावर नाही, ऐकूनच शिकली जाते.

विनोदी ‘मोपी’ गाण्यांना साथ असते ‘खुमा’ची. लहान पिंपाच्या एका तोंडावर कातडे ताणले की खुमा तयार. केपच्या द्राक्षमळ्यांत गुलामच राबत, तेव्हा पिंपांची वाण नव्हती. २ जानेवारी हा परंपरेने गुलामांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी आजही खुम्याच्या ठेक्यावर मिरवणुका निघतात.

१९६६ मध्ये वर्णद्वेषी सरकारने डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव केली आणि पुढे साठ हजारांवर रहिवाशांना शहराबाहेरच्या माळावर हलवले. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी त्यांची मंडळे बसगाड्या भाड्याने करून, खुमा घेऊन, जुन्या रस्त्यांवर येऊ लागली.