चौकटीबाहेरचे कोळी

मार्व्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की आमची मनोरी येते. अंगणात पसरलेली जाळी, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि तिन्हीसांजेला चर्चची घंटा. इथले ख्रिस्ती लोक चर्चलाही 'देऊळ'च म्हणतात. अशा गावच्या मुलांना आकाशाच्या गोष्टी सांगणे हा माझा आवडता उद्योग. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या मास्तराला विज्ञान ते काय कळणार? पण गोष्ट सांगायला पदवी लागत नाही.

गेल्या वर्षी वर्गात भारताच्या पहिल्या अग्निबाणांवरचा एक अनुबोधपट दाखविला. केरळातील थुंबा हे कोळ्यांचे गाव. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जाते. त्या रेषेवर, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा अभ्यास करावयाचा, तर अग्निबाण तेथूनच सोडणे सोयीचे. म्हणून विक्रम साराभाईंनी ती जागा पसंत केली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेने दिलेला नाइकी-अपाची अग्निबाण तेथून सुटला आणि मावळतीच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी पट्टा उमटला.

मी मधूनमधून पट थांबवून मोठ्या अभिमानाने सांगत होतो, ''मुलांनो, ही जागा शोधणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, बरे का! त्या पहिल्या तुकडीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. आणि पुढे अग्निबाणाचे घन इंधन घडविणारे वसंत गोवारीकर, तेही पुण्याचेच!''

तोच कोळीवाड्यातली एक मुलगी उठली. ''सर, सुरुवातीला होडीवाले दिसले ना, ते परत आलेच नाहीत. त्यांचं देऊळ घेतलं, मग ते कुठं गेले?''

मी गप्प झालो. मी चित्रात मराठी माणसे मोजीत होतो; तीही आपलीच माणसे शोधीत होती. माझी मला सापडली होती, तिची दोन क्षण दिसून नाहीशी झाली होती.

मग मी ती राहिलेली गोष्ट सांगितली. थुंब्याचे सेंट मेरी मॅग्डलीन चर्च या कामासाठी हवे होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या गावकऱ्यांपुढे ती मागणी ठेवली आणि गावाने 'आमेन' म्हटले, अशी आठवण अब्दुल कलाम यांनी सांगून ठेवली आहे. गावकरी दुसरीकडे राहावयास गेले. जेथे ते गुडघे टेकीत, तेथे शास्त्रज्ञांची कचेरी थाटली. आज त्या वास्तूत अंतराळ-संग्रहालय आहे. १९६६ साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने तेथे टिपलेले, सायकलवरून नेल्या जाणाऱ्या अग्निबाणाच्या टोकाचे चित्र जगभर गेले. ज्यांच्या वाळूवरून ती सायकल गेली, ते कोळी मात्र त्या कीर्तीच्या चौकटीबाहेरच राहिले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. १९६२ साली जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा यंत्राने केलेली आकडेमोड कॅथरीन जॉन्सन या कृष्णवर्णीय बाईंनी पुन्हा तपासावी, असा त्याचा आग्रह होता. त्याचे नाव तत्काळ घरोघर पोहोचले. बाईंचे पोहोचायला पन्नासावर वर्षे लागली. त्याच दशकात अंतराळवीर होण्याच्या उमेदवारीपर्यंत पोहोचलेले कृष्णवर्णीय वैमानिक एड ड्वाइट प्रत्यक्ष अंतराळात गेले ते २०२४ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी!

कॅमेरा खोटे बोलत नाही, हे खरे. पण तो कोणाकडे तोंड करून उभा करावयाचा, हे माणूसच ठरवितो. शास्त्रज्ञांची थोरवी कोळ्यांची आठवण ठेवल्याने उणी होत नाही. उलट, ज्या अंगणातून झेप घेतली, त्या अंगणाचे ऋण मानल्याने ती वाढतेच.

यंदा तो पट पुन्हा दाखविला. होड्या दिसताच मी तो थांबविला आणि दिवे लावले. त्या मुलीने पुढे येऊन होड्या मोजल्या, वाळत घातलेली जाळी ओळखली आणि म्हणाली, ''सर, आता पुढचं लावा.''