नाव हरवलेली फाइल

माझ्या आजीचा आवाज ज्या फाइलमध्ये आहे, तिचं नाव काही दिवस '#१३१०९४' असं होतं. ते मी ठेवलेलं नव्हतं.

झालं असं की माझा जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे चार्जर लावूनच चालायचा. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. चौथ्यांदा लॅपटॉप सुरू केला तेव्हा त्याने बराच वेळ स्वतःची डिस्क तपासली, काहीबाही दुरुस्त केल्याचं सांगितलं आणि मग नेहमीचा पडदा दाखवला. सगळं जागच्या जागी होतं. फक्त 'आजी' नावाचं फोल्डर नव्हतं.

त्या फोल्डरमध्ये आजीची रेकॉर्डिंगं होती. साताऱ्याकडच्या आमच्या गावी ओट्यावर बसून ती शेतांविषयी बोलत होती आणि मी फोन पुढे धरला होता. कुठलं वावर कुणाकडून आलं, कुठल्या बांधावरून भांडणं झाली, 'बाभळीचं' म्हणजे कुठलं, 'खालची पट्टी' म्हणजे कुठली. त्यानंतरच्या थंडीत आजी गेली. दुसरी प्रत काढायचं माझं रोज राहून जात होतं.

एका मित्राने फोनवर सांगितलं, डिस्कच्या मुळाशी 'लॉस्ट+फाउंड' नावाचं फोल्डर असतं, तिथे बघ. तिथे ४१ फाइली होत्या. एकीलाही धड नाव नव्हतं. सगळ्यांना हॅश आणि पुढे आकडा. फाइल जिवंत, नाव मेलेलं. हे असं होऊच कसं शकतं, हा प्रश्न तेव्हा पडला आणि त्याचं उत्तर शोधताना मी १९६९ सालापर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये, बेल लॅब्जच्या मरे हिल इथल्या इमारतीत काही माणसं थोडी बेकार झाली होती. म्हणजे पगार चालू होता, काम हातातून गेलं होतं. बेल लॅब्ज, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून 'मल्टिक्स' नावाची एक अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिम बांधत होते. बेल लॅब्जने त्या वर्षी त्यातून अंग काढून घेतलं. केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि रड कॅनडे या तिघांनी फळ्यावर आणि चिटोऱ्यांवर एका फाइल सिस्टिमचा आराखडा मांडायला सुरुवात केली. बरीचशी कल्पना थॉम्पसनची होती, असं रिचीने पुढे लिहून ठेवलं आहे. त्या चर्चेची टिपणं कॅनडेने कंपनीच्या डिक्टेशन सेवेला फोनवरून वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी ती टाइप होऊन आली, तांत्रिक शब्दांची यथेच्छ मोडतोड होऊन! टाइप करणाऱ्या व्यक्तीला काय ऐकू आलं असेल याची कल्पना करून मला अजून हसू येतं.

फोल्डरात फोल्डर ही झाडासारखी रचना त्यांनी मल्टिक्सकडूनच घेतली. ती कल्पना डेली आणि न्यूमन यांनी १९६५ सालच्या एका निबंधात मांडली होती. पण मल्टिक्समध्ये फाइलची सगळी माहिती, म्हणजे ती कुठे आहे, केवढी आहे, कुणाला उघडता येईल, ही फोल्डरातल्या तिच्या नोंदीतच असायची. नाव आणि माहिती एका ओळीत. थॉम्पसन आणि मंडळींनी ती ओळ मधोमध तोडली.

तोडली म्हणजे काय, हे मला सातबाऱ्यावरून नीट समजलं. आमच्या शेताला गावात सगळे 'बाभळीचं' म्हणतात. तलाठ्याकडे मात्र त्याला गट नंबर आहे. क्षेत्र किती, खातेदार कोण, बोजा आहे का, हे सगळं त्या नंबराखाली लिहिलेलं. 'बाभळीचं' हा शब्द माणसांच्या तोंडात, जमीन नंबराच्या हवाली. युनिक्समध्ये तेच झालं. डिस्कवर एक लांबलचक सलग यादी, तिच्यातल्या प्रत्येक घराला क्रमांक. त्या घराचं नाव आयनोड. मालक कोण, आकार किती, परवानग्या काय, शेवटचा बदल कधी झाला आणि मजकूर डिस्कच्या कुठकुठल्या तुकड्यांत ठेवलाय, हे सगळं आयनोडमध्ये. फोल्डर म्हणजे मग उरतं ते काय? नुसती दोन रकान्यांची वही. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात क्रमांक. सत्तरच्या दशकातल्या युनिक्समध्ये या वहीतली एक ओळ अवघी १६ बाइट्सची होती : २ बाइट्स क्रमांकाला, १४ नावाला.

सातबाऱ्याची उपमा एका ठिकाणी मोडते. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. आमच्या उताऱ्यांवर तो रिकामा आहे, पण रकाना तरी आहे. आयनोडमध्ये तोही नाही. फाइलला स्वतःचं नाव माहीतच नसतं.

आयनोडमधला 'आय' कशाचा, असं रिचीला २००२ साली कुणीतरी विचारलं. त्याचं उत्तर मला फार आवडतं. खरं तर मलाही ठाऊक नाही, असं तो म्हणाला. आम्ही तो शब्द वापरायला लागलो, एवढंच. बहुधा 'इंडेक्स'चा असावा. ज्याने ती वस्तू घडवण्यात हात लावला, त्यालाच तिच्या नावाचा उगम आठवत नव्हता.

पहिलं युनिक्स ज्या यंत्रावर चाललं ते पीडीपी-७, तेव्हाही जुनंच झालेलं आणि फारसं कुणी न वापरणारं. त्यावर 'हे फोल्डर, त्यातलं ते फोल्डर' असा तिरप्या रेघांचा लांब पत्ता लिहायची सोयच नव्हती. तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात तिथलंच नाव घेता यायचं. दुसरीकडची फाइल हवी, तर तिच्या क्रमांकाला आपल्या फोल्डरात आणखी एक नाव जोडायचं. एका फाइलला दोन नावं, आणि दोन्ही तितकीच खरी. मूळ आणि नक्कल असा भेद नाही. आमच्याकडे ज्याला आजी 'बाभळीचं' म्हणायची त्यालाच चुलत घराणं 'विहिरीवरचं' म्हणतं. जमीन तीच.

आता गंमत बघा. एका फाइलला अनेक नावं असू शकत असतील, तर 'फाइल डिलीट करा' याचा अर्थ काय होतो? युनिक्सने सरळ उत्तर दिलं : नाव खोडा. प्रोग्रॅमरने वापरायच्या त्या आज्ञेचं नावही 'डिलीट' नाही, 'अनलिंक' आहे. आयनोडमध्ये एक आकडा असतो, मला सध्या किती नावं आहेत याचा. नाव खोडलं की तो एकाने कमी होतो. शून्य झाला आणि ती फाइल कुणी उघडून बसलेलं नसेल, तरच तिची जागा मोकळी. म्हणून लिनक्सवर सिनेमा चालू असताना त्याची फाइल उडवली तरी तो शेवटपर्यंत दिसतो. मी हे मुद्दाम करून पाहिलंय.

मजकुराचा ठावठिकाणा ठेवायची रीतही सुंदर आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आयनोडमध्ये १३ पत्ते मावायचे. पहिले १० थेट, प्रत्येक ५१२ बाइट्सच्या तुकड्याचा. म्हणजे ५,१२० बाइट्सपर्यंतची छोटी फाइल एका झटक्यात सापडायची. अकरावा पत्ता मजकुराचा नव्हे, तर आणखी १२८ पत्ते लिहिलेल्या तुकड्याचा. बारावा अशा १२८ याद्यांच्या यादीचा, तेरावा त्याहून एक पायरी वर. एवढ्याशा घरातून एक जीबीच्या पुढपर्यंत हात पोचायचा, आणि तोही अशा काळात, जेव्हा एक जीबीची डिस्क त्या लोकांच्या टेबलाजवळपासही नव्हती. छोट्या फाइलींना ताटकळत ठेवायचं नाही आणि मोठ्यांना अडवायचं नाही, हा हिशोब मला एखाद्या चांगल्या गृहिणीच्या फडताळासारखा वाटतो. रोजचं हाताशी, सणासुदीचं माळ्यावर.

सगळ्यांनी हीच वाट धरली असं नाही. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनल्डने फॅट ही पद्धत लिहिली. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांमध्ये तिची भावंडं आजही आहेत. तिथे नाव, आकार आणि पहिल्या तुकड्याचा पत्ता पुन्हा एकाच ओळीत. फ्लॉपीसाठी ते पुरेसं होतं आणि समजायला सोपं. पण तिथे दोन नावं एकाच मजकुराकडे गेली तर ती सोय नसते, तो बिघाड समजला जातो.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये मात्र १९६९ ची ती यादी जिवंत आहे. अँड्रॉइड फोनच्या आतल्या साठ्यावर बहुधा ईएक्सटी४ किंवा एफ२एफएस असते. दोन्हींत आयनोड आहेत. एफ२एफएस ही २०१२ ची, सॅमसंगमध्ये तयार झालेली. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवरच पुन्हा लिहिता येत नाही. बदल केला की माहिती नव्या जागी जाते. मग प्रत्येक वेळी पत्ते बदलत बसायचं का? त्यावर त्यांनी मध्ये आणखी एक तक्ता ठेवला : हा क्रमांक सध्या कुठे राहतो, एवढंच सांगणारा. क्रमांक तोच, घर बदलतं. नावाचं तर आपल्याला आता दर्शनही होत नाही. गॅलरीत आपण फोटो बघतो, फाइल बघत नाही.

आता परत माझ्या ४१ फाइलींकडे. वीज गेली तेव्हा माझी वही फाटली होती, यादी नव्हे. सुरू होताना चाललेला तपासनीस प्रोग्रॅम, एफएससीके, मुळात बेल लॅब्जमधल्याच टेड कोवाल्स्कीने सत्तरच्या दशकात लिहिलेला. तो सगळे आयनोड मोजतो, सगळ्या वह्या वाचतो आणि कुठल्याही वहीत ज्यांचा उल्लेख नाही असे आयनोड बाजूला काढतो. त्यांना फेकून देत नाही. लॉस्ट+फाउंडच्या वहीत त्यांची ओळ लिहितो. नाव काय लिहायचं हे त्यालाही माहीत नसतं, म्हणून क्रमांकच लिहितो.

उघडतानाही एक अडचण आली. टर्मिनलमध्ये हॅशने सुरू होणारा शब्द टाइप केला की यंत्र ती टीप समजून सोडून देतं. नाव अवतरणात घालावं लागलं. मग एकेक फाइल ऐकत गेलो. रात्रभर. काही फोटो निघाले, एक जुना बायोडेटा, दोन गाणी. १३१०९४ मध्ये आधी कोंबडा आरवला, मग चुलत्यांच्या मोटरसायकलचा आवाज, आणि मग आजी म्हणाली, "अरे, ते चालू हाय का?"

त्यातली शेतांची नावं मी वहीत उतरवून घेतली. नऊ आहेत. त्यांतली चार वडिलांनाही माहीत नव्हती. पुढच्या खेपेला गावी जाताना नकाशा घेऊन जायचं ठरलंय, नऊ नावं आणि गट नंबर जुळवायला. 'देवाचा तुकडा' नक्की कुठला यावर चुलत्यांचं आणि वडिलांचं आत्ताच फोनवर वाजलंय.

दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली, ती अर्थात सगळ्यात आधी. मग फाइल लॉस्ट+फाउंडमधून हलवून नव्या 'आजी' फोल्डरात 'वावरं' या नावाने ठेवली, आणि 'जमीन' फोल्डरात त्याच क्रमांकाला 'बाभळीचं' असं दुसरं नाव जोडलं. यादी मागवली. दोन्हीकडे क्रमांक तोच दिसला, १३१०९४, आणि नावांच्या रकान्यात २.