जेजुरीची शपथ

ताराबाईसाहेबांचा धडा चालू असताना सातवीतल्या एका पोराने मला विचारले, "गुरुजी, मग बाई खोटे केव्हा बोलल्या? आधी की नंतर?" तेवढ्यात घंटा झाली म्हणून मी सुटलो. प्रश्न काही सुटला नाही.

1700 साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या. लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून त्यांनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. 1707 साली बादशहा मेला आणि मोगलांनी शाहूला मोकळे केले. भाऊबंदकी लावून देण्याचाच तो डाव होता. थोरल्या घराचा वारस येतो म्हणताच बाईंनी तो तोतया असल्याचे उठवले, सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या. तरी खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूला मिळाले. वाया गेला दूधभात! पुढे 1714 साली सवत राजसबाई हिने पन्हाळ्यावर आपला संभाजी गादीवर बसवून या मायलेकांना कैदेत टाकले. लेक 1726 साली कैदेतच गेला.

शाहू महाराजांना पुत्र नव्हता. त्यांच्या अखेरच्या दिवसांत ताराबाईंनी सांगितले, माझ्या शिवाजीचा मुलगा हयात आहे, वैऱ्यांच्या भयाने लपवून वाढवला आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी अट घातली : ज्ञातीसमक्ष त्याच्याबरोबर जेवा आणि त्या अन्नाची शपथ वाहून नातू म्हणा. बाई जेवल्या. 1750 च्या आरंभी रामराजा छत्रपती झाला.

पण तो आजीच्या मुठीत राहीना, नानासाहेब पेशव्यांकडे झुकला. त्याच वर्षी चंपाषष्ठीला आजीने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि कैद केले. म्हणाल्या, हा माझा नातू नव्हेच! 1752 च्या सप्टेंबरात जेजुरीस खंडोबासमोर त्यांनी हीच शपथ घेतली. चंपाषष्ठीही खंडोबाचीच, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

गंमत अशी की पेशव्यांनी रामराजाला गादीवरून काढले नाही. नाव छत्रपतींचे, बिऱ्हाड कैदेत, कारभार पुण्यास. पेशव्यांना याहून सोयीचे ते काय असणार?

या बाईंवर कादंबरी लिहायची म्हणून मी चार प्रकरणे लिहून ठेवली आहेत. पाचव्यात जेजुरी येते. भंडारा दिसतो, पायऱ्या दिसतात, सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी दिसते. तिच्या मनातले ऐकू येत नाही. माझ्यापुरते विचाराल तर पोरगा खरा नातू होता असेच मला वाटते. चाळीस वर्षांपूर्वी पुतण्यावर उगारलेले शस्त्रच बाईंनी पुन्हा उचलले. पण ज्या आईचा लेक कैदेत गेला, तिने त्याच्याच मुलाला कोंडावे, इथे माझी लेखणी अडते.

1761 च्या डिसेंबरात ताराबाई वारल्या. पानिपत होऊन वर्ष भरत आले होते, नानासाहेबही गेले होते. रामराजा तेव्हाही किल्ल्यावरच होता.