मागच्या रांगेतले ट्यूबा

मागच्या रांगेतले ट्यूबा बेसूर लागले की सगळा दोष वादकांच्या कानाला दिला जातो. तो अर्धाच खरा. ब्रिटिश हौशी ब्रास बँडमध्ये साधारणपणे दोन ई-फ्लॅट आणि दोन बी-फ्लॅट ट्यूबा असतात. पहिल्याची नळी सुमारे १३ फूट, दुसऱ्याची १८. म्हणून स्वर तोच असला तरी पहिला मोकळा लागतो, दुसरा घुमतो. त्यात पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकदम दाबला की जोडली जाणारी नळी हिशेबापेक्षा आखूड पडते, स्वर चढतो. बूझी कंपनीच्या डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४मध्ये यावर तोड काढली: तिसरा व्हॉल्व्ह दाबला की वाट पुन्हा आधीच्या व्हॉल्व्हमधून जाते आणि जादा वेटोळ्यांनी नळीची तूट भरून निघते. ही सोय महागडी, त्यामुळे ती नसलेलाही एखादा ट्यूबा रांगेत असू शकतो. त्याच्या वादकाला ओठांनी किंवा सरकती नळी ओढून निभावावे लागते. शिवाय १९६०च्या दशकापर्यंत हे बँड चढ्या पट्टीत वाजत. त्या काळातल्या वाद्याची मुख्य नळी ओढून पट्टी उतरवली, तरी व्हॉल्व्हच्या नळ्या जुन्याच मापाच्या राहतात. एक स्वर जुळवावा, तर दुसरा निसटतो.