वाशी की वाशीम? : मराठी वाणी-ओळख प्रणालीतील चुका व त्यांचे निराकरण – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बोललेला शब्द यंत्राने चुकीचा ऐकला, तर दोष कोणाचा – यंत्राचा की बोलणाऱ्याचा? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे. प्रस्तुत लेखात नवी मुंबईतील बाजारपेठेच्या नावाच्या आधारे या बदलाचा मागोवा घेतला आहे.

पूर्वपीठिका :
१९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेले ‘ऑड्री’ हे यंत्र केवळ दहा अंक ओळखत असे आणि तेही ज्या व्यक्तीच्या आवाजाशी ते जुळवून घेतलेले असेल, तिच्याच तोंडून. १९९७ मध्ये बाजारात आलेल्या ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ या इंग्रजी श्रुतलेखन प्रणालीतही वापरकर्त्याला आरंभी ठरावीक उतारे वाचून दाखवावे लागत. चूक झाल्यास बोलणाऱ्याने आपला उच्चार सुधारावा, अशी अपेक्षा असे. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. व्ही. एस. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी वाणी-ओळखीवर मूलगामी काम केले. मराठीला मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

शेतमालाचे भाव आणि मराठी उच्चार :
२०१० नंतरच्या काही वर्षांत केंद्र शासनाच्या साहाय्याने सहा भारतीय भाषांत दूरध्वनीवरून शेतमालाचे भाव सांगणारी प्रणाली विकसित करण्यात आली. तिच्या मराठी भागाचे काम टाटा मूलभूत संशोधन संस्था व भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई यांनी केले. त्यासाठी महाराष्ट्राच्या विविध जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज दूरध्वनीवरूनच ध्वनिमुद्रित करण्यात आले. येथे अपेक्षेची दिशा उलटली. शेतकऱ्याने यंत्रासारखे बोलण्याऐवजी यंत्राने शेतकऱ्याचे बोलणे शिकावयाचे होते.

चुकांचे स्वरूप :
पहिली अडचण ध्वनीची होती. पारंपरिक दूरध्वनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनिपट्टा वाहून नेतो. ‘स’सारख्या घर्षक वर्णांची बरीचशी ऊर्जा त्याहून वर असल्याने ती गळून पडते. बाजारातील गोंगाटात ‘वाशीम’मधील शेवटचा ‘म’ बुडाला, तर उरते ‘वाशी’.

दुसरी अडचण शब्दसंग्रहाची. ज्वारीला कोणी जोंधळा म्हणतो, विदर्भात बटाट्याला आलू म्हणतात. यंत्राच्या उच्चारकोशात हे शब्द नसतील, तर ते कितीही स्पष्ट उच्चारले तरी यंत्र जवळचा दुसराच शब्द निवडते.

तिसरी अडचण नावांचीच. १९८०च्या व १९९०च्या दशकांत मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलविण्यात आले. समितीचे नाव मात्र ‘मुंबई कृषि उत्पन्न बाजार समिती’ असेच राहिले. लोक त्या बाजाराला ‘वाशी मार्केट’ म्हणतात. शिवाय वाशी नावाचा एक तालुका धाराशिव जिल्ह्यातही आहे. म्हणजे शब्द अचूक ऐकूनही अर्थ चुकू शकतो.

निराकरणाचे मार्ग :
यावरील उपायही त्रिविध आहेत. प्रत्यक्ष दूरध्वनीवरील आवाज गोळा करणे हा पहिला. एका वस्तूची अनेक स्थानिक नावे उच्चारकोशात नोंदविणे हा दुसरा. तिसरा उपाय संवादरचनेचा : ऐकलेले नाव यंत्राने पुन्हा उच्चारून ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर घ्यावे. जिल्हा आधी विचारल्यास संभाव्य नावांची यादी लहान होते आणि ठाण्यातील वाशी व धाराशिवमधील वाशी आपोआप वेगळ्या पडतात.

२०१७ मध्ये गूगलने आवाजी टंकलेखनात मराठीचा समावेश केला. २०२२ मध्ये केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ उपक्रम सुरू झाला. या नव्या प्रणाली पूर्ण वाक्याच्या संदर्भावरून शब्द ओळखतात. त्यामुळे चुका घटल्या, परंतु उरलेल्या चुका अधिक फसव्या झाल्या. चुकीचा शब्दही वाक्यात सफाईने बसतो व सहजी लक्षात येत नाही.

निष्कर्ष :
भाव ऐकून माल कोणत्या बाजारात न्यावयाचा हे ठरविणाऱ्या शेतकऱ्याला एका अक्षराची चूक गाडीभाड्याइतकी महाग पडू शकते. म्हणून वाणी-ओळखीतील चुकांचे निराकरण हा केवळ अभियांत्रिकीचा विषय नाही. कोणत्या जिल्ह्याचा उच्चार नमुन्यात आहे व कोणाचा शब्द कोशात आहे, यावर यंत्राची अचूकता अवलंबून असते. हे काम बोलीअभ्यासक व मराठीच्या अध्यापकांच्या सहभागाविना पूर्ण होणारे नाही.