वीज बदलत नाही तेव्हा

मंडळी, आजचा विषय जरा रूक्ष आहे. मेमरी कार्ड आणि त्याला मिळणारी वीज. पण आपण पडलो नाशिककर, त्यामुळे इगतपुरीमार्गे गेलो तर वाट सोपी होईल.

मुंबईकडून निघालेली विजेची तार १९३० मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. तिच्यात १५०० व्होल्ट डीसी. साठच्या दशकाच्या अखेरीस भुसावळच्या बाजूने २५,००० व्होल्ट एसी आली. आता दोन्ही तारा इगतपुरीत समोरासमोर, आणि दोघींपैकी एकही बदलणारी नाही! मग काय, गाडी थांबायची, एक इंजिन सुटायचं, दुसरं लागायचं आणि तेवढ्यात लोक वडे खाऊन घ्यायचे. पुढे दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली. नव्वदच्या दशकात मध्य रेल्वेवर आलेलं डब्ल्यूसीएएम-३ त्यातलंच. तारेला "तू बदल" म्हणण्यात अर्थ नव्हता. वर कोणती वीज आहे ती ओळखून इंजिनानेच वागायचं, हा त्यावरचा उपाय. (यथावकाश डीसीच गेली. मुंबईची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावली.)

आता हेच चित्र नखाएवढं करून पाहा.

मल्टिमीडिया कार्ड आलं १९९७ मध्ये, आणि एसडी कार्ड १९९९ मध्ये जाहीर झालं. या कार्डांच्या पोटात ओसीआर नावाची एक छोटी नोंद असते. मला किती व्होल्ट चालतात, हे कार्ड तिच्यातून सांगतं. साधारणपणे २.७ ते ३.६ व्होल्ट, आणि त्याचे ०.१ व्होल्टचे नऊ खण. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, ती नोंद वाचतो, आपल्या बोर्डावर काय मिळतं ते पाहतो आणि दोघांना जमेल असा खण निवडतो. थोडक्यात, पत्रिका जुळवणं!

लिनक्समध्ये ही व्यवस्था २००३-०४ च्या सुमारास रसेल किंग यांनी उभी केली. तेव्हा कोणत्या बोर्डावर किती व्होल्ट, हे त्या त्या बोर्डाच्या कोडमध्ये हाताने लिहिलेलं असायचं. २००८ मध्ये लियम गर्डवुड आणि मार्क ब्राऊन यांची रेग्युलेटर व्यवस्था लिनक्समध्ये आली. रेग्युलेटर म्हणजे ठरावीक व्होल्टेज तयार करून देणारी चिप. आता ड्रायव्हरला थेट विचारता येऊ लागलं, "बाबा रे, तू किती व्होल्ट देतोस?" आणि सांगताही येऊ लागलं, "३.३ कर." २००९ मध्ये डेव्हिड ब्राऊनेल यांनी या रेग्युलेटरची आणि कार्डाच्या ओसीआरची भाषा एकमेकांना समजेल अशी सोय केली.

इथवर सगळं छान. पण स्वस्त बोर्डावर व्होल्टेज बदलणारी चिप कशाला बसवतील? तिथे ३.३ व्होल्टची पक्की लाइन असते. चालू करा नाहीतर बंद करा, तिसरी गोष्ट नाही. अशा लाइनला एखाद्या ड्रायव्हरने नेमाने सांगितलं, "३.३ कर". लाइनकडे 'बदलणे' ही क्रियाच नाही. उत्तर आलं, "चुकीची मागणी". ड्रायव्हरने ते अपयश मानलं आणि कार्ड सुरूच केलं नाही.

गंमत बघा. मागितले ३.३, तारेत होते ३.३. कार्ड धडधाकट, वीजही धडधाकट, आणि समोरच्या माणसाला मात्र दिसतं की कार्डच नाही! तो बिचारा कार्ड फेकून देणार. त्यात त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो असतील, कोणाला ठाऊक.

यावर एक सोपा उपाय सुचतो. एरर आला तर दुर्लक्ष करायचं. पण तो घातक आहे. उद्या ती पक्की लाइन ५ व्होल्टची निघाली तर? ३.६ व्होल्टची मर्यादा असलेलं कार्ड जायचं. नकार ऐकून कान बंद करणं आणि नकाराचं कारण समजून घेणं यात फरक आहे.

मला आवडलं ते हे की ब्राऊनेल यांच्या कोडमध्ये योग्य प्रश्न आधीच होता. आत्ता किती व्होल्ट आहेत ते आधी मोजा. ते हव्या त्या मर्यादेत असतील तर हात लावू नका. नसतील तरच बदलायला सांगा. पुढे रेग्युलेटरच्या मूळ कोडनेही हे मान्य केलं. पक्क्या लाइनचं व्होल्टेज मागितलेल्या मर्यादेत बसत असेल तर उत्तर "हो" द्यायचं, नसेल तर "नाही". ३.३ तर बरोबर दोन खणांच्या सीमेवर येतो. ३.२ ते ३.३ हा एक आणि ३.३ ते ३.४ हा दुसरा. तिथेही हिशेब उदार ठेवलाय, दोन्ही खण चालतात असं धरायचं.

एसडी कार्डांच्या पुढच्या पिढीत (२०१०) जलद वेगासाठी सिग्नलच्या तारा १.८ व्होल्टवर न्याव्या लागतात. बोर्डावर त्या ३.३ लाच पक्क्या असतील तर? ड्रायव्हरने हट्ट धरायचा नाही, जुन्या वेगाने चालायचं. कार्ड सावकाश चालेल, पण चालेल.

एवढ्याशा दुरुस्तीसाठी किती वर्षांचा आणि किती माणसांचा विचार लागला! "बदलता येत नाही" आणि "जमत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढंच यंत्राला शिकवायचं होतं. आपल्या घरांतसुद्धा अशी एखादी पक्की लाइन असते. आजोबा म्हणा, आत्या म्हणा. त्यांना "बदला" म्हणून आपण वर्षानुवर्षं भांडतो. आपल्याला हवं तेवढं तिथे आधीच आहे का, हे मोजून बघायचं मात्र राहून जातं.

असो.