मागचे आसन, पुढचे आसन

तीन टोकांचा तारा आपल्याकडे सर्वसामान्यांच्या ओळखीचा झाला तो श्रीमंतांच्या मोटारीवरून नव्हे, तर मालमोटारीच्या नाकावरून. १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी केलेला करार मालमोटारींचा होता. तो १९६९ला संपला.

पुढे १९९५मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जुळू लागली. जर्मनीत तेव्हा ते मॉडेल निवृत्तीच्या वाटेवर होते. पण इथे त्याची खंत कुणाला असणार? गाडी चालवायची ड्रायव्हरने. मालकाचे सुख मागच्या आसनावर, वृत्तपत्र आणि प्रतिष्ठा यांच्यामध्ये कुठेतरी होते. कंपनी २००९ साली चाकणच्या नव्या कारखान्यात गेली, तरी हे गणित बदलले नाही. २०१७ची लांबवलेली ई-क्लास मागे बसणाऱ्याच्या पायांसाठीच होती.

म्हणूनच २०२० हे साल मला महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी चाकणमध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे जुळू लागली. तीन लिटरचे व्ही-६ इंजिन, दोन टर्बो, सुमारे ३९० अश्वशक्ती. परंतु आनंद या आकड्यांत नसतो. पावलाने मागावे आणि यंत्राने तत्क्षणी द्यावे, वळणावर रस्त्याचा पोत सुकाणूतून तळव्याला कळावा, यात तो असतो. आणि तो ड्रायव्हरकडे सोपवता येत नाही.

सुख पुढच्या आसनावर यायला पंचवीस वर्षे लागली. रस्ता मात्र अजून आलेला नाही. चाकणच्या चौकात ही गाडीही मालमोटारीच्याच मागे उभी राहते.